कानाच्या मशीनला लावलेली हळद

गंगापूर रोड, नाशिक
फाल्गुन, होळीच्या अलीकडे

चि. उपेंद्र यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे मी रागावलेली आहे आणि तुझे दाजी काही ऐकू येत नसल्यामुळे शांत आहेत. तुझा गुडघा कसा आहे? पहाटेच्या गारव्यात फिरायला जाऊ नकोस असं मी मागेही सांगितलं होतं, पण तू ऐकत नाहीस, आणि तुझे तर कान शाबूत आहेत. तुझ्या मोहिनीला सांग, तिचं लोणचं संपलं. बरणी धुऊन ठेवली आहे, पण रिकामी कशी परत करायची म्हणून ती इथेच अडली आहे. देवळाली कॅम्प ते गंगापूर रोड एवढ्याशा अंतरावर पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू दर वाक्याला "बरं, बरं" म्हणतोस आणि माझा संताप अर्ध्यातच विझतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तर विषय कानाच्या मशीनचा. दाजींचा कान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेला, हे तुला माहीत आहेच. जन्मभर टर्बाइनशेजारी नोकरी केलेल्या माणसाला बायकोचा आवाज म्हणजे डासाची गुणगुण. गेल्या पावसाळ्यात नातीने, म्हणजे ओवीने, हट्टाने मशीन घ्यायला लावलं. पहिल्याच दिवशी त्यांना फोडणी ऐकू आली, पंख्याची करकर ऐकू आली आणि मी ओट्यापाशी एकटीच बडबडते तेही ऐकू आलं. (ते मी त्यांना ऐकू येत नाही या भरवशावर बडबडत होते, हा भाग सोड.) मग ते बाहेरच्या खोलीतून उत्तरं द्यायला लागले. उपेंद्र, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आमच्या खऱ्या गप्पा त्या पावसाळ्यात झाल्या. मला फार बरं वाटत होतं. हे मोहिनीला सांगू नकोस, ती गावभर करेल.

गणपतीत मशीन शिट्ट्या मारायला लागलं. ऐन आरतीत शिट्टी झाली आणि शेजारच्या चितळकरबाई माझा कुकर बंद करायला आत धावल्या. कुकर लावलेलाच नव्हता. मी दुसऱ्या दिवशी शोरूम गाठलं. तिथे स्वराज नावाचा फार गोड बोलणारा मुलगा आहे. गोड बोलणाऱ्यांशी भांडता येत नाही, म्हणूनच कंपन्या त्यांना पुढे बसवत असणार. तो म्हणाला, कानाला हळूहळू सवय होते. मी म्हटलं, कानाला होईल, शेजाऱ्यांचं काय? त्याने तक्रार कंप्युटरवर नोंदवली आणि मला चहा पाजला.

पुढे खंडेनवमी आली. एकलहऱ्याला त्या दिवशी पान्यापासून पॅनलपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागायचं, आणि निवृत्त झाल्यावर दाजींनी ती प्रथा घरी आणली आहे. पाटावर मिक्सर, इस्त्री, स्क्रू-ड्रायव्हर, माझा चष्मा (त्याला ते यंत्रच मानतात) आणि शेवटी स्वतःच्या कानातून काढून ते मशीन. जे यंत्र आपलं काम करतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही. मी मशीनला करंगळीच्या टोकाने टिकलीएवढी हळद लावली, वरून झेंडूची एक पाकळी.

दिवाळीत मशीन पूर्ण गप्प झालं. स्वराजने ते कंपनीकडे पाठवलं आणि ते जसंच्या तसं परत आलं. सोबत अहवाल: उपकरणात हळद आढळली, हा ग्राहकाने केलेला गैरवापर आहे, सबब वॉरंटी रद्द, दुरुस्ती होणार नाही, नवीन घ्यावे. गैरवापर! मी काय ते मशीन वरणात घातलं होतं? शिट्टीबद्दल अहवालात अवाक्षर नाही. (कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. हा शब्द लिहिताना मला किती बरं वाटलं ते तुला कळणार नाही.)

होय, मी ग्राहक आयोगात गेले. तिथे वकील लागत नाही, आपलं आपण बोलता येतं. हे कळल्यावर मला कोण थांबवणार होतं? कंपनीकडून मात्र काळ्या कोटातले वकील आले. त्यांनी हळद या पदार्थाचे इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर होणारे परिणाम या विषयावर इतकं लांबण लावलं की मलाच आपण स्वयंपाकात काय घालतो याची धास्ती वाटली. मग माझी पाळी आली. मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. शोरूममधल्या कंप्युटरवर झेंडूची वाळलेली माळ आणि कार्ड घासायच्या मशीनवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. वकील म्हणाले, शोरूम वेगळं, कंपनी वेगळी. तेव्हा मी उभी राहून म्हटलं, "साहेब, शिट्टी गणपतीत वाजली आणि हळद खंडेनवमीला लागली. माझी हळद मागे जाऊन मशीन बिघडवत असेल, तर ती कंपनीनेच विकत घ्यावी." सगळे हसले. अध्यक्षबाईसुद्धा हसल्या आणि त्यांनी गणपतीतल्या तक्रारीची नोंद हजर करायला सांगून पुढची तारीख दिली.

आता मी माघार घेणार नाही. पूजा केली म्हणून यंत्र बिघडतं, असं माझ्या नावावर लिहून ठेवायला मी तयार नाही.

धाकट्यांना आशीर्वाद. आपल्यापेक्षा मोठं आता कुणी उरलं नाही, तेव्हा पत्रातले नमस्कारही तुम्ही दोघंच वाटून घ्या.

तुझी,
इंदिराताई

ता. क. काल कंपनीचा फोन आला होता. हळदीमुळेच बिघाड झाला असं लिहून सही केली, तर परवाच नवं मशीन घरपोच देतो म्हणाले. खरं सांगते, मी पेन हातात घेतलं. घरात दिवसभर माझाच आवाज असतो आणि ओट्यापाशी बोललेल्याला बाहेरून उत्तर येत नाही, ते मला सहन होत नाही. ओवीच्या पाटीवर सगळा मजकूर लिहून दाजींपुढे धरला. त्यांनी वाचलं, पुसलं आणि त्याच पाटीवर लिहिलं: "सही करायची नाही. पण त्या दिवशी तू काय बोललीस की सगळे हसले? मी शेजारी बसून नुसता तोंडं बघत होतो."

ता. क. दोन. पत्राचं खरं कारण हे. तू जन्मभर साहेबांची डिक्टेशन्स घेतलीस, आता बहिणीचं घे. पुढच्या तारखेला गुडघ्याची सबब न सांगता ये, दाजींच्या शेजारी बस आणि मी बोलेन तो शब्दन् शब्द त्यांना तिथल्या तिथे लिहून दाखव. लघुलिपीत लिहू नकोस, त्यांना वाचता येत नाही. आणि तुझ्यासाठी मी हळू बोलणार नाही.