मास्तरांनी ओली फिल्म पळवली त्याबद्दल

चि. सौ. धाकटीस थोरल्या दादाचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण मी खुशाल नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. तुझा पाय कसा आहे? तो आधी उशीवर ठेव बघू. जिन्यावरून घसरलीस त्या पायाच्या दुसऱ्या एक्स-रे फिल्मवर घोट्याशी मला बारीक काळी रेघ दिसते आहे, म्हणजे हाड तडकलंय. आणि तुझे यजमान तुला दवाखान्यातून चालवत घेऊन गेले! हे पत्र सफाईच्या मावशींबरोबर पाठवतो. तुला बसवल्याशिवाय त्या हलणार नाहीत.

आता त्याच तुझ्या यजमानांविषयी, म्हणजे मास्तरांविषयी. चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं म्हणून माणसाने डार्करूमच्या दारावर ढोल बडवावा का? आत मी अंधारात चाचपडत फिल्म हँगरच्या चौकटीला लावतोय आणि बाहेरून सारखं, "दादा, झालं का? अहो दादा!" पहिली फिल्म डेव्हलपरमधून काढली, पाण्यात खंगाळली, फिक्सरच्या टाकीत सोडली न सोडली तोच हे आत. फिल्म उचलली (अजून दुधासारखी पांढुरकी!), बाहेर नेऊन खिडकीशी धरली आणि निकाल लावून मोकळे : "हाड शाबूत!" मी म्हटलं, मास्तर, दहा मिनिटं थांबा. तर मलाच धडा. "फिक्सर आम्लधर्मी. आम्लात बुडवलं की डेव्हलपरचा खेळ खलास. पुढची दहा मिनिटं ही तुमची अंधश्रद्धा."

अंधश्रद्धा! मी सातवी नापास, पण एवढं मला कळतं की किरण लागले तिथली चांदी डेव्हलपर काळी करतो, आणि जिला लागलेच नाहीत ती तशीच फुरंगटून बसते व पुढे उजेडात काळवंडते. तिला हुसकायला फिक्सर. एकाने पीक उगवायचं, दुसऱ्याने तण काढायचं. तणात उभं राहून पिकाची तारीफ करणाऱ्याला काय म्हणावं? (चार बुकं शिकलेला म्हणावं.) वर ती ओली फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळून नेली! आता तुझ्या हाडावर आजचे बाजारभाव छापून येतील.

तुझा,
संतापलेला दादा

ता. क. डॉक्टर आत्ताच आले. ती दुसरी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून हसले. म्हणाले, ही तडक नव्हे, चंद्रकोर आहे. हँगरला लावताना फिल्मवर नख दाबलं की अशीच काळी उमटते. नख माझं. पाय बहुधा नुसता मुरगळलाय. पत्र फाडणार होतो, पण दुसरा कागद नाही, आणि राग अजून पुरता उतरलेला नाही.

आणखी ता. क. पहिली फिल्म पाहिल्याशिवाय डॉक्टर खात्रीने सांगणार नाहीत. ती कागदाला चिकटली असेलच, म्हणजे तुला रिक्षातून पुन्हा यावं लागणार. मास्तरांना बरोबर आण. नवी फिल्म हँगरला त्यांनीच लावावी. त्यांची नखं नेहमी कापलेली असतात.