लिटरला बावीस

दि. ९ एप्रिल

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा ठीक आहे, यांचा खोकला गेला, गॅलरीतल्या कुंडीला एकदाच्या कळ्या आल्या. तूही बरी असशील. फोनवर नेहमी "मजेत आहे गं" म्हणतेस आणि ठेवून देतेस, तेव्हा तसंच धरून चालते.

बाबांचा विषय काढायचा नाही, असं मागच्या फोनवर तू मला बजावलंस. नाही काढत. मी गाडीबद्दल लिहिते. आता त्या गाडीत सारखे तेच बसलेले असतात, त्याला माझा इलाज नाही. हे फोनवर सांगता आलं नसतं, कारण आपल्या दोन खोल्यांत फोन कुठेही नेला तरी तो यांच्या कानापाशीच असतो.

तर यांना गाडी घ्यायची आहे. बसचा पास खिशात ठेवून ज्यांनी सगळी नोकरी काढली, त्यांना आता या वयात गाडी. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "लागते." आणि घ्यायची ती तुमच्याच कंपनीची, तीही तू टेस्टिंगला पळवतेस तीच.

शोरूममध्ये आम्ही इतक्या वेळा गेलो की तिथला पहारेकरी मला गुडघ्याचं विचारतो. विक्रेता बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, "काका, कागदावर लिटरला बावीस आहे, पण रस्त्यावर सोळा-सतरा धरून चला." झालं. यांचा पारा चढला. "बावीस म्हणजे बावीस. हा आकडा कोण काढतं माहीत आहे? आमची मुलगी काढते. ती चुकीचा आकडा देणार नाही."

अगं, तो हळू आवाजात समजावतोय की आकडा खरा आहे, फक्त तो बंद खोलीतला आहे, आणि हे टेबलावर बोट आपटतायत. गिऱ्हाईक आकडा वाढवतंय आणि विकणारा कमी करतोय, असा सौदा मी जन्मात पाहिला नाही. शेवटी तो म्हणाला, "काका, मी गाडी विकू नये असं तुमचं म्हणणं आहे का?" आजूबाजूचे लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्या मुलीशी गेल्या पावसाळ्यापासून बोलणं नाही, तिच्यावरून चारचौघांत भांडायचं. माझ्या डोक्यात हे काही शिरत नाही.

मग शेजारचे वकील. त्यांच्याकडे तीच गाडी आहे आणि ते म्हणतात, सोळाच्या वर जात नाही. यांचं मत, वकिलांचा पाय जड आहे. शेवटी वकिलांनी वैतागून किल्लीच हातात दिली, "तुम्हीच काढा बावीस."

मग काय, पुढच्या रविवारी मोहीम. जन्मभर लोकांच्या घरची विजेची मीटरं तपासलेला माणूस, त्याला मोजायला काहीतरी मिळालं. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी दोन्ही हातांनी हलवायची, आतली हवा निघाली की पुन्हा भरायची. मागे रांग लागली होती. मी तोंडावर पदर घेऊन बसले.

तू एकदा जेवताना सांगितलं होतंस, की तुमच्या त्या खोलीत गाडी रोलरवर जागच्या जागी पळते, तिथे चढ नाही, वारा नाही, काचा बंद, एसी बंद. तेवढं यांनी पक्कं लक्षात ठेवलं. म्हणून आम्हीही काचा बंद, एसी बंद. एप्रिलमध्ये. तुमच्या खोलीत गारवा राखलेला असतो, हे मात्र सोयीस्कर विसरले. टोलनाक्यापर्यंत जाऊन परत यायचं होतं. मी घामाने निथळत होते. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून बघत राहिला. वाटेत पोलिसाने थांबवून विचारलं, "आजोबा, आजींना दवाखान्यात नेताय का?" मी म्हटलं, हो म्हणा आणि खरंच न्या.

एवढं करून आलं अठरा. हे घरी येऊन पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "वारा समोरून होता."

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय. या रविवारी सकाळी खाली आले तर मागच्या सीटवर वाळूचं पोतं. समोरच्या बांधकामावरून आणलेलं. आणि त्याला पट्टा लावलेला. डिकीत वकिलीणबाईंचं शिवणाचं मशीन, चादरीत गुंडाळून, शेजारी आपल्या दोन ट्रंका. या वेळी काचा उघड्या, आणि चढाच्या रस्त्याने जायचं. म्हटलं, हे काय? मागच्या खेपेला आकडा वाढावा म्हणून मला उकडून काढलंत आणि आज स्वतःच वजन घालताय?

"मागे कोणी बसलं तर किती पडतं ते बघायला नको?"

"कोण बसणार आहे?"

यांनी गाडी सुरू केली. चढ संपल्यावर, समोर बघतच, मला म्हणाले, "ठकूचं वजन किती असेल गं आता? मी लग्नाच्या वेळचं धरलंय. कमी झालं असेल ना?"

मी मागे वळून त्या पोत्याकडे बघितलं आणि रडायला आलं.

घरी आल्यावर मात्र मी चिडले. म्हटलं, मुलीला आणायचं आहे ना, मग उद्या बसने जा आणि घेऊन या. इतके दिवस गाड्या कसल्या मोजताय? तर म्हणतात, "बसमध्ये तिचं शिवणाचं मशीन कसं चढवणार? तिच्या हौसेचं आहे. ते तिथे ठेवून ती येईल का?" आणि मग, "मी बोलावलं तर येईल का, ते तू सांग."

ते मी कुठून सांगू? गेल्या पावसाळ्यात तू फोन करून "मला घरी यायचंय" म्हणालीस, तेव्हा "थोडं जुळवून घे" हे तेच म्हणाले होते. तेव्हापासून तू मजेतच आहेस. ठकू, माझा त्यावर एक दिवसही विश्वास बसलेला नाही. तुझ्या आवाजावरून आईला कळतं. तू जेवतेस का, त्या घरात तुझ्याशी कोणी बोलतं का, हे विचारायला जीभ उचलत नाही आणि मी कुंडीतल्या कळ्यांबद्दल बोलत बसते. मला तू इथे हवी आहेस. दोन खोल्या आहेत, पुरतील.

हे पत्र मी चोरून लिहीत होते. पाकिटाला डिंक लावायच्या आत यांनी ते हातातून घेतलं, उभ्याउभ्या वाचलं, आणि माझा पेन मागितला. खालचं त्यांचं आहे. तुला वाचायचं नसेल तर इथेच घडी घाल.

तुझी वाट बघणारी,
आई

ठकू,
तुझा आकडा खोलीत बरोबर आहे. रस्त्यावर, वजन घालून, चढावर, पंधरा पडलं. तेवढ्यातही एका भरल्या टाकीवर मी तुझ्यापर्यंत येऊन परत जाऊ शकतो. मी खोलीत बसून तुला जुळवून घे म्हणालो, ते चुकलं. गाडी अजून घेतलेली नाही, पण वकील किल्ली देतात. मशीनचे पाय सुटे होतात, पान्हा मी आणतो. तू फक्त दिवस सांग.
बाबा