कानाच्या मशीनची डबी

सोमवार, ७ जुलै

पुन्हा भांडण! बाबा हलायला तयार नाहीत. तळमजल्याच्या दोन खोल्या, मागे ओढा, वरून संततधार — आणि हे आपले खुर्चीत ढिम्म! म्हटलं, चला आमच्याकडे, पाऊस उतरला की आणून सोडते. तर म्हणे, "ह्या ओढ्याला मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून ओळखतो. तो मला काही करायचा नाही."

वर कानातलं मशीन काढलं, तांदळाच्या डबीत टाकलं, झाकण घट्ट लावलं. तांदूळ ओल शोषून घेतात म्हणून. पाऊस लागला की हे ठरलेलंच. मशीनमधून पाऊस थेट डोक्यात पडतो म्हणतात. उभी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात काढली, त्यातच कान गेले, आणि आता पावसाचा त्रास होतो! मशीन डबीत गेलं की विषय संपला. मी बसायचं बोंबलत.

तरी ओठ फाकवून, हातवारे करून सगळं पुन्हा वदवून घेतलंच. पाणी उंबऱ्याशी आलं की? "मेन स्विच बंद." मग? "औषधं, चष्मा पिशवीत." मग? "वर, मावशींकडे." वरच्या मजल्यावर शिवणकामवाल्या मावशी राहतात ना, त्यांच्याकडे. शाळेतल्या पोरासारखी हाताची घडी घालून म्हणून दाखवत होते. नुसती थट्टा! शेवटी मलाही हसू आलं.

मंगळवार, ८ जुलै

पाऊस. लॅबमध्ये प्लास्टर वाळेना, कवळ्यांचे साचे सगळे ओले. मालकीणबाई वैतागल्यात. मीही.

बुधवार, ९ जुलै

बाबांचा पत्ता नाही.

गुरुवार, १० जुलै

अजून काही कळत नाही. पुलापलीकडे कुणाला सोडत नाहीत. लिहिते — नाहीतर वेड लागेल.

काल दुपारी लॅबमधून फोन केला. मशीन कानात होतं, लगेच उचलला. म्हणाले, "ओढ्याचं लक्षण बरं दिसत नाही गं. येतो तुझ्याकडे." मी गारच पडले! इतकी वर्षं नन्नाचा पाढा, आणि आज स्वतःहून! किती आनंद झाला मला. म्हटलं, घरातच थांबा, अजिबात हलू नका, स्कूटर घेऊन मी आलेच. आणि मशीन काढू नका हां, मी दारात हाका मारत बसणार नाही! हसले. "पिशवी भरून बसतो," म्हणाले.

पुलाशी पोचले तर रस्ताच दिसेना. नुसतं गढूळ पाणी, आणि त्यातून कुणाची तरी मोटारसायकल आडवी होऊन चाललेली. तरी मी स्कूटर घालतच होते. पोलिसाने हँडल धरलं. "ताई, मरायचंय का? पोटरीएवढं दिसतंय, पण पाय टिकत नाही त्यात. मागे फिरा." भांडले. रडले. नको ते बोलले त्याला. त्याने किल्लीच काढून घेतली.

फोन लावत राहिले. लागलाच नाही. टॉवर बंद पडले होते. भोंग्याची गाडी ओरडत फिरत होती — ओढ्याकाठच्या लोकांनी ताबडतोब वरच्या मजल्यावर जावं. पलीकडेही दुसरी गाडी फिरली म्हणतात. जातील ना ते वर? जातील. पाठ आहे त्यांना सगळं.

शुक्रवार, ११ जुलै

बाबा गेले. घरातच होते.

रविवार, १३ जुलै

आज घर बघितलं. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ. खुर्ची दुसऱ्याच खोलीत. मेन स्विच बंद. पिशवी वरच्या खुंटीला अडकवलेली — औषधं, चष्मा, दोन शर्ट, माझ्याकडे यायचं म्हणून इस्त्रीचे. सगळं केलं त्यांनी. वर जायचं तेवढं राहिलं.

मावशींना विचारलं. म्हणाल्या, "दार बडवलं गं मी, हाका मारमारून घसा बसला. पण त्यांना कुठलं ऐकू यायला! झोप लागली असेल." माझ्याकडे बघत नव्हत्या. शिलाई मशीनच्या बॉबिनवरचा दोरा उलगडत बसल्या होत्या.

म्हणजे काढलंच शेवटी मशीन. हट्टी माणूस! मी घसा फोडून सांगितलं, काढू नका. पण बरंच झालं. झोपेत असतील, कळलंही नसेल. आमच्या ह्यांनी मला हॉस्पिटलमध्ये आत जाऊ दिलं नाही, शेवटचं तोंडही नीट बघितलं नाही मी. माझ्यापाशी एवढंच आहे — कळलं नसेल त्यांना.

डबी फळीखाली चिखलात सापडली. झाकण तसंच घट्ट. घरी आणली, धुतली. उघडायचा धीर होत नाही.

हे म्हणतात, "मागे फिरलीस म्हणून वाचलीस." जो येतो तो हेच म्हणतो. खरंच आहे. पण ऐकलं की अंगावर धावून जावंसं वाटतं.

गुरुवार, १७ जुलै

कामावर गेले. कुणातरी म्हाताऱ्या माणसाच्या कवळीचा साचा होता. हातातून सुटला. बाईंनी स्वतःच तुकडे गोळा केले. मी मागच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले.

कळलं नसेल. कळलं नसेल.

शनिवार, १९ जुलै

डबी उघडली. आत तांदूळ, अगदी कोरडे. मशीन नाही.

तशीच मावशींकडे गेले, डबी पुढ्यात ठेवली. त्यांना रडूच कोसळलं. "कानातच होतं गं. सगळं ऐकू येत होतं त्यांना, भोंगासुद्धा. हाताला धरून ओढलं मी. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. पोरीने हलू नका म्हणून सांगितलंय. ती आली आणि मी दिसलो नाही, तर पाण्यात शोधत बसेल."

वर जा. एवढंच म्हणायला हवं होतं मी फोनवर.