गच्ची कुणाच्या नावावर

नाशिक,
४ मार्च २०२५

प्रिय कुंदा,

शुक्रवारी शाळेतून आल्यावर आपण कॅनव्हासचे बूट रंगवायचो, आठवतं? शनिवारी पी.टी. असायची आणि सिस्टर रांगेतून फिरताना आपल्या चेहऱ्यांकडे बघायच्याच नाहीत, सगळं लक्ष पायांकडे. आई बशीत पांढरा खडू कालवून द्यायची, आपण दात घासायच्या जुन्या ब्रशने तो फासायचो आणि चारही बूट गच्चीच्या कठड्यावर वाळत ठेवायचो. तोवर ऊन कठड्याच्या एका कोपऱ्यावर उरलेलं असायचं, जेमतेम दोन बुटांपुरतं. जी आधी वर पोचेल तिला तो कोपरा. एका शुक्रवारी तू आधी पोचलीस. तू खाली गेल्यावर मी तुझे बूट सरकवून माझे तिथे ठेवले आणि तुझा डावा बूट शेजारच्यांच्या हौदात पडला. वाऱ्याने पडला, असं मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू एक ओला बूट घालून शाळेत गेलीस आणि पुढचे चार दिवस तुझी छाती वाजत होती. मी अकरा वर्षांची होते, तू आठ. तो बूट वाऱ्याने पडला नव्हता, कुंदा. एवढं सांगायला मला पंचावन्न वर्षं लागली.

बरं, आधी कामाचं. मी घरावर सोलर बसवायचं म्हणते आहे. गल्लीत आता आपलं आणि आणखी एकच घर राहिलं आहे, बाकी सगळ्यांच्या गच्च्यांवर निळ्या काचा चमकतात. उन्हाळ्यातलं बिल मला एकटीलासुद्धा जड जायला लागलं आहे आणि सरकार बऱ्यापैकी अनुदान देतं, तेव्हा म्हटलं, निवृत्त बाईने एवढा शहाणपणा करावा. तीन ठिकाणांहून दर मागवले. तिन्ही कागद मिठाच्या बरणीखाली ठेवले आहेत. आज पंधरा दिवस झाले, मी ते काढते, चष्मा लावते, एकाशेजारी एक मांडते आणि परत बरणीखाली सरकवते. मग बाहेरच्या जिन्याने गच्चीवर जाते, एक चक्कर मारते, खाली येते. सिंधुबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, ताई, तुम्ही जिना झिजवणार आता. त्यांना वाटतं मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून व्यायाम करते आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं मी शेकडो पुस्तकांचे दर मागवले, तुलनेचे तक्ते केले, कधी रात्रीची झोप गेली नाही. इथे तीन कागद आहेत आणि मला एका जागी बसवत नाही.

पहिला दर योगेश नावाच्या मुलाने आणला. मोठ्या कंपनीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. भाव सगळ्यांत कमी. पॅनेल गच्चीला लागून बसवणार, गुडघ्याएवढ्या उंचीवर, म्हणजे लोखंड कमी लागतं. पंचवीस वर्षांची हमी, असं तो हसून म्हणाला, आणि मी सहासष्टमध्ये पंचवीस मिळवून बसले. मग त्याने विचारलं, वरच्या मजल्याला कुलूप कसं? मी म्हटलं, तो बहिणीचा. तर म्हणाला, मग मॅडम, गच्ची कोणाच्या नावावर आहे? मी कठड्यावरची धूळ पुसत राहिले. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, त्याने परत मोठ्याने विचारलं. शेवटी म्हणाला, काही नाही, बहिणीचं एक संमतीपत्र लागेल, साधी सही, पाच मिनिटांचं काम. आणि जाता जाता ईशान्येकडच्या ओट्यावर बूट आपटून म्हणाला, हे तोडायचे पैसे आम्ही वेगळे लावत नाही.

तर काम हे असं आहे. मला तुझी सही हवी आहे. हे वाचून तू हसशील, किंवा पत्र बाजूला ठेवशील. तसं केलंस तरी चालेल, पण चहा झाल्यावर परत हातात घे.

मृत्युपत्रातली ती ओळ तुलाही पाठ असेल. 'तळमजला चि. उज्वला हिला, वरचा मजला चि. सौ. कुंदा हिला.' नानांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं, पाटबंधारे खात्यातल्या माणसाचं वळणदार अक्षर. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड कुणाचं, विहिरीच्या मोटारीचं काय, तेसुद्धा लिहिलं. गच्ची तेवढी राहिली. आपल्यासारख्या घरांत गच्चीला कोण मालमत्ता समजतं? ती कुरडया वाळवायला, केस वाळवायला, उन्हाळ्यात गाद्या टाकायला. खोल्या वाटायच्या असतात, आकाशाखालची जागा कशाला लिहायची? वकिलांनीही विचारलं नाही. आणि २०१३ साली, आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर, मधुकरराव नकाशा घेऊन आले. त्यांना तिकडची नोकरी लवकर सोडायची होती, कारण बडोद्याची हवा तुला सोसत नव्हती. वरच्या दोन खोल्यांत तुम्ही दोघं, आणि तुमच्या निकितासाठी गच्चीवर एक खोली चढवायची, एवढंच त्यांचं मागणं. वकिलांसमोर बसून मी म्हणाले होते, 'गच्ची दोघींची आहे आणि माझी सही मिळणार नाही.' तू पर्समधून दम्याचा पंप काढून दोनदा तोंडात मारलास आणि उठलीस. त्या दिवसापासून वरच्या मजल्याला कुलूप आहे.

मध्येच उठले होते. दूध उतू गेलं.

दुसरा दर देणारा माणूस तर आलाच नाही. पुण्याहून फोनवरच म्हणाला, काकू, तुमचं घर मी वरून पाहिलंय, उपग्रहाच्या चित्रात. त्याने ते चित्र पाठवलं. कुंदा, आपलं घर वरून किती छोटं दिसतं. पाण्याची टाकी म्हणजे काळा ठिपका, लिंबाचं झाड म्हणजे हिरवा डाग, आणि एका कोपऱ्यात पांढरा चौकोन. हे काय आहे, असं त्याने विचारलं. कूलर आहे का, हलवता येईल का? मी म्हटलं, तो ओटा आहे. तर म्हणाला, कशाचा ओटा? मी फोन ठेवला. त्याचा कागद दरात मधला आहे, अक्षरं सुबक आहेत, आणि ओट्याच्या जागी त्याने सरळ दोन पॅनेल काढले आहेत.

तिसरा देवराम. मूळचा सुरगाण्याकडचा, आता पेठ रोडला छोटं दुकान आहे. सिंधुबाईंच्या ओळखीचा. सकाळी आठलाच मोटरसायकलवरून आला, खांद्याला पिशवी, पिशवीत टेप आणि डबा. भाव सांगितलाच नाही. गच्चीवर गेला, टाकीची सावली बघितली, खडूने रेघ मारली, अर्ध्या तासाने परत रेघ मारली. मग ओट्यावर बसून डबा उघडला. नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी. मलाही तुकडा दिला. बसल्या बसल्या मोबाइलमधलं होकायंत्र ओट्यावर ठेवून बघत राहिला, आणि म्हणाला, 'ताई, हे बांधणारा माणूस लय हुशार. टाकीची सावली दहापर्यंत याच्यावर येतच नाय. हिवाळ्याचं पहिलं ऊन इथंच पडत असंल. कुणासाठी बांधला?'

मी म्हटलं, बहिणीसाठी, तिला दमा होता.

'मग तिला विचारलं का?'

म्हटलं, ती बडोद्याला असते.

तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, 'का ताई, बडोद्याला फोन लागत नाय?'

मला हसू आलं, आणि मग खाली येऊन मी बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी राहिले.

त्याचा कागद सगळ्यांत महाग आहे. सहाऐवजी पाचच पॅनेल, तेही पश्चिमेकडे, आठ फूट उंच खांबांवर, म्हणजे खालून चालता येईल. लोखंड जास्त, वीज थोडी कमी. आणि शेवटी त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलं आहे: 'ओटा जसा आहे तसा.' मी त्याला असं काही सांगितलं नव्हतं.

ओटा बांधला तो रविवार मला लख्ख आठवतो. नानांनी खात्यातलं पितळी होकायंत्र आणलं होतं. आई ओरडत होती की पोरीला बसायला ओटा बांधायचा तर होकायंत्र कशाला, धरण आहे का ते? तू शाल गुंडाळून पायरीवर बसली होतीस आणि सिमेंट ओलं असतानाच त्यात बोट खुपसलंस. ते छिद्र अजून आहे. हिवाळ्यात शाळेच्या आधी तू तिथे उन्हाकडे पाठ करून बसायचीस आणि मी तुझ्या वेण्या घालायचे. मला कुणी ओटा बांधला नाही, कारण माझी छाती ठणठणीत होती. लग्न मी केलं नाही, आईचा गुडघा, नानांची साखर, दवाखाने, बँका, सगळं माझ्याकडे. तू दिवाळीला यायचीस, चार दिवस, आणि नाना सकाळी सहालाच गच्ची झाडायला वर जायचे. पाऊणशे वर्षांचा माणूस, मुलगी उन्हात बसणार म्हणून गच्ची झाडतो. मी खाली पोहे परतत असायचे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण माझ्या मनात ते होतं आणि त्यापायी माझ्या हातून काय झालं ते तुला कळायला हवं.

गेल्या वर्षी मधुकरराव गेले तेव्हा मी आले होते. तेराव्याला बसले. तुझ्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तेव्हा तू एकटीच होतीस, गॅसपाशी, हातात तोच पंप. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, माझी गाडी साडेचारची आहे. त्या गाडीत मी नाशिक रोडपर्यंत स्वतःशी भांडत आले.

आता सांगते. २००९ च्या जानेवारीत नाना नर्सिंग होममध्ये होते. तू बडोद्याहून निघाली होतीस, पोचायला संध्याकाळ होणार होती. दुपारी खोलीत मी एकटीच होते. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, 'उज्वला, गच्ची लिहायची राहिली बघ. ती कुंदाची. तिला ऊन लागतं.' मी म्हटलं, हो नाना. तू पोचलीस तेव्हा त्यांची वाचा गेली होती. ते तुझ्याकडे आणि माझ्याकडे बघत होते, मी ते सांगितलं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि मी चादर नीट करत होते. तेरावा झाला की सांगू म्हटलं. मग वर्षश्राद्धाला. मग मधुकरराव नकाशा घेऊन आले आणि मी 'दोघींची' म्हणाले. कुंदा, ती दोघींची कधीच नव्हती. तू इथे आली असतीस. मधुकरराव आपल्या गल्लीत सकाळी फिरायला गेले असते. निकिताच्या मुलाने सिमेंटच्या त्या छिद्रात बोट घातलं असतं. बारा वर्षं मी ती जागा अडवून ठेवली आणि गेल्या महिन्यात तिथेच स्वतःसाठी वीज करायला निघाले.

म्हणून हे पत्र. सोबत संमतीपत्र नाही, ते मी फाडलं. सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा आहे, त्यावर सही तुझी नाही, माझी आहे. गच्ची पूर्ण तुझी. वकील म्हणतात नोंदणीला दोघींनाही समक्ष जावं लागेल, तेव्हा तुला एकदा यावं लागेल. माझ्यासाठी येऊ नकोस, कागदासाठी ये. सोलर बसवायचं की नाही ते तू ठरव. बसवलंसच तर देवरामचाच दर घे, घासाघीस करू नकोस, आणि जोडणी तुझ्या मीटरला कर, माझ्या बिलाचं मी बघेन. पंचवीस वर्षांच्या हमीपत्रावर नाव निकिताचं घाल, म्हणजे ते संपेपर्यंत कुणीतरी असेल. माझी शाळेतली बक्षिसाची पुस्तकंही तिलाच, सिस्टरांच्या सहीसकट. नानांचं पितळी होकायंत्र देवरामला द्यायचं, त्याला ते वापरता येईल. चैत्रात कुरडया-पापडांसाठी आठ दिवस गच्ची सिंधुबाईंची, तेवढं तू मोडू नकोस. लिफाफ्यात चिकटवलेली किल्ली गच्चीच्या दाराची आहे, तिच्या जोडीची दुसरी मी ठेवलेली नाही. आणि ओट्यावरचं दहापर्यंतचं ऊन तुझं. दहानंतर, तू हाक मारलीस तर, मी वर येईन.

तुझीच,
ताई