काकूची साडी मी धुतली

आई, तुला जाऊन सात वर्सं झाली. मी सातवीतच शाळा सोडली, म्हणून बोलल्यावानीच लिहिते. आपल्या शेजारची काकू, तू गेल्यावर जिनं मला भाकर थापायला शिकवली, ती गेल्या महिन्यात कापूस येचायचा सोडून दुपारीच घरी आली अन् माझ्या दारात बसली. रानात मुकादमानं तिच्यावर जबरदस्ती केल्ती. एवढंच बोलली. मला तूच आठवली. मी नऊ वर्सांची असताना तुझा पाळीचा कपडा मी अंगणात दोरीवर उघडाच वाळू घातल्ता, तव्हा तू माझ्या गालात हाणली. "बाईच्या अंगाचं कुणाला दिसू द्यायचं न्हाई. जल्दी धुयाचं अन् वरून टावेल टाकायचा." मी तसंच केलं. पाणी तापवलं, काकूला न्हाऊ घातलं, साडी-परकर साबण लावून घासला, टावेलाखाली वाळू घातला. वाटलं, मी बराबर करून राह्यले.

दुसऱ्या दिवशी काका तिला जालन्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. काकूनं मलाबी संग नेलं, आत तपासतानाबी सोडलं न्हाई. तपासणारी सिस्टर याच कामाचं शिकलेली हाये. काकूच्या अंगावरचा एकेक वळ बघती, कागदावर बाईचं चित्र हाये त्याच्यावर तिथंच खूण करती. पण हर बारीला आधी इचारती, "हात लावू का? नको म्हणालात की थांबते." काकू म्हणती, "किती इचारता बाई! नवऱ्यानं जन्मात इतकं इचारलं न्हाई." सिस्टर हसती. मी भिंतीकडं तोंड करून उभी.

मंग सिस्टर इचारती, "आंघोळ केली का? तेव्हाचे कपडे कुठायत?" काकू माझ्याकडं बघतबी न्हाई. "म्याच धुतले," म्हणती. सिस्टरचा पेन थांबला. "अहो, कपड्यांवरच तर पुरावा असतो. वळ मी लिहितेच. पण उद्या कोर्टात तुम्हालाच विचारतील, का धुतले म्हणून."

माझ्यापायी काकूच खोटी पडणार व्हती. मी भिंतीकडनं वळून म्हणले, "तिनं न्हाई. मी धुतले. न्हाऊबी मीच घातलं."

सिस्टर रागावली न्हाई. "तुला कुणी सांगितलं धुवायला?"

"आईनं."

"बाहेर आहे का आई? बोलव तिला, नीट समजावून सांगते."

मी मुंडी हलवली अन् बाहेर येऊन बाकड्यावर बसले. सिस्टरनं मघाच कागदावर, कपडे मी धुतले म्हणून, खरं खरं लिहून घेतलं व्हतं, काकूनंबी मला एका शब्दानं टोकलं न्हाई. तरी तिच्या तोंडाकडं मला अजून बघवत न्हाई. थोड्या येळानं आत जाऊन मी सांगितलं, आई घरी गेली.

ही चिठ्ठी मी कुणाला दावणार न्हाई. माझी चूक तुझ्यावर ढकलली, याची मला लाज वाटती. पण आई, त्या बाकड्यावर मी बाजूला जरा सरकून बसल्ते, तुला जागा व्हावी म्हणून.