सगुणाच्या ट्रेलरचा तळ

२२ फेब्रुवारी, रविवार
सगुणाच्या ट्रेलरचा तळ कुजला. वर उभं राहून खाली पाहिलं तर रस्ता दिसतो. खाणीवरचा टिपर विकल्यापासून माझ्या लेकाकडे राहिलंय ते एवढंच, पिकअपच्या शेपटीला बांधलेलं. मी ह्यात पडणार नाही. माझं वय झालं. त्यांचं ते बघून घेतील.

संध्याकाळ
पडावं लागलं. कोणालाच अक्कल नाही. सगुण म्हणतो, लोखंडी चेकर प्लेट घालूया. मी म्हटलं, उन्हात तिच्यावर घावणे भाजता येतील, आणि पावसात पाय ठेवलास तर थेट मयेच्या तळ्यात. नात तनया मोबाईलात बघून सांगते, आजी, प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा एकत्र करून फळी बनवतात, कधी कुजत नाही. ती वस्तू मला ठाऊक आहे. शेजारची सुमंगला तसलेच लाडू करते. मग सगुण म्हणतो, मरीन प्लाय. दोन पावसांत त्याचे पदर सुटतात, सुमंगलाच्याच दाराचे सुटलेत तसे.
माझं मत, माट, रानातलं टणक झाड. माझ्या बापाशीच्या गाड्याचा तळ माटाच्या लाकडाचा होता. बैल मेले, बापूस गेला, तळ तसाच.

२६ फेब्रुवारी
माटाच्या फळ्या आल्या. मी जिंकले असं लिहिणार नाही. जिंकले.
सगुण म्हणाला, आये, एकदा तुझं ऐकतो, पण ह्या तळावर माझं वर्ष आहे. मंडपवाला कृष्णनाथ शिगम्याचा चित्ररथ आमच्या ट्रेलरवर करणार. नीट झालं तर वर्षभर त्याचं सामान ओढायचं काम आम्हाला. शेषशायी विष्णू करायचाय. विष्णू कोण, तर सुमंगलाचा नवरा महादेव. पंचायतीच्या बाकावर दिवसभर पडलेलाच असतो. सराव आहे.

४ मार्च
फळ्या बसल्या. पाणी जायला मधे फटी सोडल्या. फटी मी सोडायला लावल्या. तनयाही तेच म्हणत होती, पण मी मोठ्याने म्हटलं.

९ मार्च
आता फळ्यांना लावायचं काय? तनया दुकानातला डबा आणणार. माळ्यावर काजूच्या टरफलांचं काळं तेल आहे, बाटली भरून. त्याच्या वासाने वाळवी गाव सोडते. सगुण म्हणाला, आये, ते वैशाखात लावतात, महिनाभर कडक ऊन देतात. ओलं अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते. हात लावू नकोस.
मी बरं म्हटलं. आता मात्र खरंच पडणार नाही.

११ मार्च, दुपार
सगळी जेवून निजली. लावून आले. दोन हात मारले.
वैशाख, ऊन, महिना, ही सगळी रिकामटेकड्यांची शास्त्रं. मी आधी तळहातावर घेऊन पाहिलं. काही झालं नाही. उभा जन्म काजू फोडलेत ह्या हातांनी. ह्यांना होत नाही ते दुसऱ्या कोणाला काय होणार?
हात तेवढे काळे झाले. साबण, चिंच, राख, सगळं चोळलं. निघत नाही. पदराखाली ठेवीन.

संध्याकाळ
सगुणाने ट्रेलरजवळ नाक वर केलं. वास कसला म्हणून विचारलं. फिनेल, म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि गेला. पटलं असावं.

१२ मार्च
तालीम. फळ्यांवर निळी चादर अंथरली, तो समुद्र. महादेव उघड्या अंगाने पडला तो उठायचं नाव घेईना. तनया लक्ष्मी. तिला थर्माकोलच्या कमळावर बसवलं. थोड्या वेळाने चादरीवर काळपट डाग उमटले. कृष्णनाथ म्हणाला, वा, समुद्र खोल वाटतो. म्हणजे तेल कलेलाही चांगलं. मी टाळ्या वाजवल्या.

१३ मार्च
सुमंगला सकाळीच दारात. महादेवाच्या पाठीला आग, फोड आलेत. मी विचारलं, रात्री काय खाल्लं? सुंगटं, म्हणाली, मोठी कोळंबी. मग सुंगटंच, दुसरं काय. ती म्हणाली, सुंगटं एकाच बाजूला चढतात काय गे? पडला होता तेवढीच बाजू! आणि पट्टे आलेत गे आजये, पट्टे. मधे मधे जागा सोडून.
फटी मी सोडायला लावल्या होत्या, ते आठवलं. खोबरेल लाव म्हटलं आणि चुलीकडे वळले. चुलीवर काही नव्हतं.

१४ मार्च, शनिवार
डिचोलीची मिरवणूक. सगळ्यांनी जाऊ नको म्हटलं, म्हणून गेले.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. आमचा रथ आला. विष्णूला पाठ टेकवेना, कूस टेकवेना. देव पालथा पडलेला. हनुवटी हातावर, पाठीवर निळा रंग, रंगातून फोड वर आलेले. लक्ष्मी पाय चेपत होती, हसू दाबत होती. माझ्या मागून एकजण ओरडला, अरे, हा मांद्र्याच्या किनाऱ्यावरचा गोरा, उन्हात पडून निळा झालाय! सगळा रस्ता हसला. परीक्षकसुद्धा.
सगुण पिकअप चालवत होता. त्याने मान वळवली नाही. कान लाल झालेले मला लांबून दिसले.
बक्षिसं लागायच्या आधीच घरी आले. पाय दुखत होते म्हणून.

१६ मार्च
डॉक्टरने महादेवाला सांगितलं, काजूचं तेल. कृष्णनाथ घरी आला. मी आत, जनेलाच्या गजांमागे. त्याने विचारलं, सगुणा, तेल कोणी लावलं? सगुण म्हणाला, मी. कृष्णनाथ म्हणाला, खरं सांग, सांगितलंस तर काम तुझंच. सगुण म्हणाला, मीच लावलं. अक्कल गेली होती.
मी बाहेर जाणार होते. केस विंचरलेले नव्हते.

१७ मार्च
नळावर सुमंगला भेटली. म्हणाली, आजये, तुझ्या पुताला अक्कल नाही गे. आजवर तिचा एक शब्द मी खाली पडू दिला नव्हता.
होय गे, म्हटलं.
कळशी अर्धीच भरून आले.

१९ मार्च
केस विंचरले. कृष्णनाथाच्या मंडपाच्या गोदामात गेले. बस म्हणाला, बसले नाही. तेल मी लावलं, म्हटलं. घडाघडा म्हणायचं ठरवलं होतं, आवाज बारीक निघाला.
तो म्हणाला, आजये, तालमीला तू टाळ्या वाजवल्यास ना? तळहात कोळशासारखे. तेव्हा वाटलं, चुलीचं काही असेल. डॉक्टर बोलला आणि सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. महादेवाच्या, सुमंगलाच्यासुद्धा. तुझ्या तोंडावर कोण बोलणार?
मग काम दे सगुणाला, म्हटलं. तो खुर्च्यांकडे बघत म्हणाला, काल दुसऱ्या ट्रेलरवाल्याला शब्द दिला. सगुणाने नाव घेतलं असतं तर थांबलो असतो. घेतलं नाही त्याने.
घरी आले. सगुण माटाच्या फळ्या उपसून काढत होता. बाजूला चेकर प्लेट उभी. खंय गेल्ली आये, म्हणाला. देवळात, म्हटलं.
त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. ते पदराबाहेर होते.
पाना दे, म्हणाला.
दिला.