बाळाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेताना

अहो,

नंबर लावायला मी बाळाला घेऊन दवाखान्यात पुढे जातेय. तिच्या प्रत्येक झटक्याचा व्हिडिओ डॉक्टरांना अकराला बघायचाय. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावलाय. टर्मिनलमध्ये एवढंच लिहा:

cp -r ~/bal /media/pen/

यानं नुसती प्रत निघते. जागा करायला म्हणून rm मारू नका बाई! ते कायमचं पुसतं. मागच्या खेपेला पुसलं गेलं तेव्हा मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. मनात ठेवू नका.

निघण्याआधी हेही करा:

ls ~/bal/nava | wc -l

या आठवड्यातल्या फाइलींचा आकडा येईल, एका झटक्याची एक फाइल. मला तीन आला. मागच्या आठवड्यात चौदा होते. तुम्हीही मोजून या, म्हणजे माझा विश्वास बसेल.